विचारायचं नाही, वाचायचं

ओव्हाळबाईंबरोबर शेअर रिक्षात बसणं ही एक शिक्षाच होती. दिवा स्टेशनपासून आमच्या वर्गापर्यंतचा रस्ता तसा जवळचा, पण तेवढ्यात बाई वाटेतली एकूण एक पाटी मोठ्याने वाचायच्या. 'रूम भाड्याने मिळेल.' 'घरगुती पोळीभाजी केंद्र.' 'येथे पाण्याचे जार मिळतील.' पुढच्या टेम्पोच्या पाठीवरचा शेर, क्लासची जाहिरात, वाढदिवसाच्या बॅनरवरच्या तमाम शुभेच्छुकांची नावं, काही म्हणून सोडायच्या नाहीत. शेजारचा माणूस आधी दचकायचा, मग माझ्याकडे बघून बाई जरा सटकलेल्या आहेत असं ठरवून टाकायचा. एकदा न राहवून मी म्हटलं, "बाई, मनात वाचा ना." तर म्हणाल्या, "मनात कशाला? मी काय चोरी करतेय?"

निर्मला ओव्हाळ त्यांचं नाव. पालिकेच्या शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला, निवृत्त झाल्या आणि कळव्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहू लागल्या. मुलगा पुण्याला. अंगाने काटकुळ्या, उंचीने बेताच्या, साडी कायम सुती आणि कडक इस्त्रीची. गळ्यात काळ्या गोफाला लटकवलेला चष्मा. तो नाकावर कमी आणि छातीवर जास्त असायचा, जवळचं बारीक काही वाचायची वेळ आली की झटकन वर चढायचा. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. ती बाटली संपली तर तहानेने घसा कोरडा पडला तरी चालेल, पण दिव्यात कुणाच्या घरी त्या पाणी मागायच्या नाहीत. "इथे बायका हंड्यासाठी भांडतात, आणि मी पाहुणी म्हणून ग्लासभर ढोसू?" असं म्हणायच्या. ते खरंच होतं. पण एवढंच कारण नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

मी तेव्हा ठाण्यातल्या एका छोट्या संस्थेत कामाला होते. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी संस्थेने एक स्वस्तातला प्रोजेक्टर करवून घेतला होता. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. आत छोटा दिवा, पुढे भिंग आणि मध्ये सरकणारी चित्रांची पट्टी. एकदा चार्ज केला की वीज गेली तरी वर्ग चालू. तीस बायकांना तीस पुस्तकं द्यायची गरज नाही, एक भिंत पुरे. घराचं चित्र, त्याखाली हातभर अक्षरांत 'घर'. दिवा, कळवा, कोलशेत अशा ठिकाणी वर्ग सुरू करायचे होते आणि शिकवणाऱ्यांना यंत्र कसं वापरायचं ते दाखवणं हे माझं काम. त्यामुळे बाईंनी मला पहिल्या दिवसापासून 'मशीनवाली' हेच नाव दिलं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

ठाण्याच्या ऑफिसात आम्ही यंत्र पहिल्यांदा दाखवलं तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी अपेक्षित प्रश्न विचारले. चित्र किती मोठं पडतं, बॅटरी किती वेळ चालते, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार. बाई शेवटच्या खुर्चीत गप्प बसलेल्या. सगळे उठायला लागल्यावर त्यांनी एकच विचारलं, "याला अंधार लागतोच ना?"

आमचे साहेब जरा ओशाळले. "हो, म्हणजे तेवढी एक अडचण आहे. पडदे वगैरे लावावे लागतील."

"अडचण कसली?" बाई म्हणाल्या. "हीच तर सोय आहे. अंधारात कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही."

त्या काय म्हणतायत ते मला वर्ग सुरू झाल्यावर समजलं. दिव्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर न विकलेला दुकानाचा गाळा होता, तो आम्हाला दुपारपुरता मिळाला. शटर खाली ओढलं की आत काळोख. बायका धुणीभांडी, स्वयंपाकाची कामं आटपून यायच्या आणि खाली सतरंजीवर बसायच्या. भिंतीवर अक्षर उमटलं की एखादी चुकीचं बोलायची, पण कोण बोललं ते कळायचं नाही. हसणारीला कुणाकडे बघून हसावं हेच समजायचं नाही. नातवंडं असलेल्या बायका त्या अंधारात मोकळ्या गळ्याने चुकायच्या. बाई यंत्रासमोर उभ्या राहून भिंतीवर आपल्या बोटाची सावली पाडायच्या. ते सावलीचं बोट कान्यावर चढायचं, वेलांटीवरून घसरायचं, एखाद्या अक्षराला टपली मारायचं. आमच्या संस्थेने दिलेली लेझरची कांडी त्यांनी पिशवीतून कधी बाहेरच काढली नाही.

बाहेर मात्र कुजबुज सुरू झाली. भरदुपारी शटर खाली करून बायकांना काय शिकवतात? एक दिवस शटरवर धाडधाड थापा पडल्या. बाईंनी स्वतः शटर वर केलं. बाहेर एका बाईचा नवरा उभा, तावातावात. "काय चाललंय आत? मलापण बघू दे ना, सिनेमा दाखवता काय?"

"या ना दादा," बाई म्हणाल्या. "चपला बाहेर काढा आणि बसा."

तो बसला. शटर पुन्हा खाली. भिंतीवर नळाचं चित्र आणि खाली 'पाणी' हा शब्द. बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आज नवीन पाहुणे आलेत. दादा, खाली काय लिहिलंय सांगा बघू."

तो माणूस काही बोलेना. त्याची बायको माझ्या शेजारीच होती, तिने श्वास रोखलेला मला कळला. आणि बाईंनी क्षणात ओळखलं. म्हणाल्या, "चूक माझीच. दादा उन्हातून आलेत, त्यांच्या डोळ्यांपुढे अजून अंधारी असणार. बसा दादा, सवय होऊ दे." मग सगळ्या बायकांकडून तो शब्द चार-पाच वेळा मोठ्याने म्हणवून घेतला. पाचव्या वेळी त्यात एक जाडा आवाजही मिसळला होता. नंतर तो माणूस कधी आला नाही, पण थापाही पुन्हा पडल्या नाहीत.

माणसाची लाज झाकण्याची ही हातोटी बाईंकडे होती. आणि त्यातूनच त्यांचा तो नियम आला होता. वर्ग संपताना शटर वर करायच्या आधी त्या विचारायच्या, "रस्त्यात काही लिहिलेलं दिसलं तर काय करायचं?" आणि सगळ्याजणी एका सुरात ओरडायच्या, "विचारायचं नाही, वाचायचं!" एखादीची मुलगी म्हणायची, आई, मोबाईल वाचून दाखवतो की आता. त्यावर बाईंचं उत्तर तयार होतं. "मोबाईल तुझ्या दादाच्या खिशात असतो, डोळे तुझ्या आईच्या तोंडावर आहेत."

या नियमाबद्दल त्या फार कडक होत्या. वर्गातली एखादी दुकानात कुणाला 'हे काय लिहिलंय हो' म्हणताना सापडली तर दुसऱ्या दिवशी तिची खैर नसायची. मला हे जरा अति वाटायचं. एकदा कळव्याला त्यांच्या घरी चहा पिताना मी तसं म्हटलं. बाई बराच वेळ कपाची कड पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आई विचारायची. दवाखान्याच्या रांगेत तिने हातातला कागद पुढच्या माणसाला दाखवला, म्हणाली, दादा, काय लिहिलंय जरा सांगता? त्याने अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं. टीबी. आम्ही घरी पोचायच्या आत चाळीला कळलेलं होतं. आधीच आमच्या हातचं पाणी घेताना काही लोकांचं तोंड वाकडं व्हायचं, त्यानंतर तर कुणीच घेईना. आईचा टीबी बरा झाला. ते पाणी मात्र कुणी पुन्हा घेतलं नाही." एवढं सांगून त्यांनी कप उचलला आणि विसळायला मोरीत गेल्या. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

वर्गात रंजना म्हणून एक बाई होती. मूळची संगमेश्वरकडची, चाळिशी उलटलेली, डोंबिवलीत दोन घरी पोळ्या लाटायची. तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी म्हणाली, "बाई, माझ्या डोक्यात काय शिरायचं नाय हां, आधीच सांगते." आणि तिच्याच डोक्यात सगळ्यात आधी शिरलं. भिंतीवर शब्द पडायचा अवकाश, रंजनाचा आवाज आलाच. बाई तिच्यावर एवढ्या खूश की आमचे साहेब पाहुण्यांना घेऊन आले की रंजनाला हमखास पुढे करायच्या. इमारतीतही तिचा भाव वाढला. मजल्यावरच्या बायका येऊन विचारायच्या, रंजनाताई, लाइटवाल्यांनी काय चिकटवलंय बघा ना. तीही पदर खोचून जायची आणि वाचून सांगायची. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मला म्हणाल्या, "मशीनवाले, बघितलंस? विचारणारी होती, आता सांगणारी झाली."

पुढचं सांगायला मला अजूनही जड जातं.

रंजनाच्या इमारतीत पाण्याची नेहमीची रडगाणी. पिण्याचं पाणी येईल त्या दिवशी येईल, नाहीतर टँकरचं किंवा बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडायचं. काय आलंय ते जिन्यात कागद चिकटवून कळवायची पद्धत होती. त्या दिवशीच्या कागदावर वर जाड मार्करने लिहिलेलं, 'पिण्याचे पाणी'. आणि खाली बॉलपेनने, बारीक अक्षरात, 'आज आलेले नाही. टाकीतले पाणी फक्त वापरासाठी आहे.' रंजना कामावरून आली, जिन्यात थांबली, वरची ओळ वाचली आणि मजल्यावर येऊन आरोळी दिली, "अगं ए, पिण्याचं पाणी आलंय, भरून घ्या!" सगळ्यांनी भरलं. तिनेही भरलं.

दोनेक दिवसांत घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले. रंजनाचा नवरा आडवा झाला. पण सगळ्यात वाईट हाल झाले शेजारच्या परीचे. शीतल आणि तिचा नवरा नवीनच राहायला आलेले, त्यांची ही लहानशी मुलगी. रंजनाच्याच मांडीवर असायची दिवसभर. तिला इस्पितळात न्यावं लागलं, सलाइन लावलं. मधले काही दिवस तर डॉक्टरही धड काही बोलेनात. इमारतीत कुणीतरी तो जिन्यातला कागद नीट वाचला आणि मग सगळ्यांना सगळं कळलं.

आम्हाला कळलं ते रंजना वर्गाला येईनाशी झाली तेव्हा. बाई मला घेऊन तडक तिच्या इमारतीत गेल्या. रंजना जिन्यातच बसलेली होती, घरात बसवत नव्हतं म्हणाली. कागद अजून भिंतीवर तसाच, एक कोपरा सुटलेला. बाईंनी तो एकदा वाचला. मग मऊ आवाजात विचारलं, "रंजना, तू खालचं का वाचलं नाहीस गं?"

"खाली कुठे काय होतं, बाई?" रंजना म्हणाली. "खाली तर मुंग्या होत्या."

"मुंग्या?"

"बारीक असलं ना की मला तसंच दिसतं. मुंग्या चालल्यावानी. मला वाटलेलं, ते अजून शिकायचंय आपल्याला. भिंतीवरचं झालं की मग तुम्ही ते शिकवणार."

बाईंनी गळ्यातला गोफ डोक्यावरून काढला आणि स्वतःचा चष्मा रंजनाच्या नाकावर ठेवला. तिला दंडाला धरून उठवलं आणि कागदासमोर उभं केलं. रंजनाने आधी डोळे मिचकावले. आणि मग वाचलं. वर्गात वाचायची तसंच, खणखणीत, एकही अक्षर न अडखळता. 'आज आलेले नाही. टाकीतले पाणी फक्त वापरासाठी आहे.' पूर्णविरामाशी थांबली. आपण काय वाचलं ते मग तिला कळलं आणि ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

इतके महिने आम्ही त्या बायकांना शिकवत होतो आणि एकीलाही जवळचं दिसतंय का हे कुणी तपासलं नव्हतं. संस्थेने नाही, साहेबांनी नाही, यंत्र बनवणाऱ्यांनी तर नाहीच. भिंत लांब होती, अक्षरं हातभर होती, म्हणून सगळ्यांना सगळं दिसत होतं. बाई स्वतः चष्मा गळ्यात घालून रोज त्यांच्यासमोर उभ्या राहत होत्या.

रंजनाने चष्मा काढून बाईंच्या हातात दिला. रडत नव्हती. शांतपणे म्हणाली, "बाई, एक सांगू? खाली वॉचमन उभा होता. मी आधी त्यालाच विचारणार होते, खाली काय लिहिलंय म्हणून. मग तुमचं आठवलं. विचारायचं नाही."

परतीच्या रिक्षात ओव्हाळबाईंनी एकही पाटी वाचली नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. ती शिक्षा परत मिळाली तर बरं होईल, असं वाटत राहिलं.

पुढच्या आठवड्यात त्या ठाण्याच्या ऑफिसात येऊन धडकल्या. साहेबांच्या टेबलावर यंत्र ठेवलं. साहेबांना वाटलं, परत करायला आल्या. ते समजावू लागले, की ही दुर्दैवी गोष्ट आहे, पण यात यंत्राचा काय दोष, आपले निकाल चांगले आहेत, पुढच्या वेळी पाण्याच्या सूचनांची चित्रंही पट्टीत घेऊ.

"यंत्राचा दोष नाहीच," बाई म्हणाल्या. "यंत्र अक्षर मोठं करतं, ते त्याचं काम आहे. पण साहेब, जगात अक्षर बारीकच असतं. औषधावर बारीक, करारात बारीक, जिन्यात बारीक. आपण त्यांना भिंत वाचायला शिकवली आणि सांगितलं की तुम्हाला वाचता येतं. मी सांगितलं. तेव्हा आता चष्मे द्या. चष्मे मिळेपर्यंत हे इथेच राहील." आणि यंत्र टेबलावर ठेवून निघून गेल्या.

चष्मे मिळाले. एका भल्या डॉक्टरीणबाईंनी गाळ्यातच तपासणी केली आणि चाळिशीचे चष्मे वाटले. वर्गातल्या अर्ध्याअधिक बायकांना लागले. एक म्हातारी चष्मा लावून स्वतःच्या तळहाताकडेच बघत बसली होती. दुसरी म्हणाली, "मी समजत होते मीच ढ आहे." हसायला आलं सगळ्यांना, पण बाई हसल्या नाहीत. रंजना तपासणीला आली नाही. तिच्यासाठी बाईंनी अंदाजाने एक चष्मा मागून घेतला.

वर्ग पुन्हा सुरू झाला तो थोडा बदलून. आधी नेहमीसारखं अंधारात भिंतीवर. मग बाई शटर वर करायच्या आणि उजेडात प्रत्येकीला हातातलं काहीतरी वाचायला लावायच्या. बिस्किटाचं वेष्टण, औषधाची पाकिटं, पालिकेची पत्रकं. ज्या बाईला अंधार म्हणजे सोय वाटायची, तीच आता शटर वर करताना घाई करायची. आणि शेवटी तो जुना नियम नव्हता. त्याऐवजी एकेकीने उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "हे मला वाचता येत नाहीये, जरा सांगता का?" बायका लाजायच्या, एकमेकींना ढकलायच्या. मग बाई म्हणायच्या, मी आधी म्हणून दाखवते. आणि गंमत बघा, रिक्षाभर लोकांसमोर खणखणीत पाट्या वाचणारा तो आवाज या एका वाक्यात दर वेळी अडकायचा. 'सांगता का' पर्यंत येता येता बारीक व्हायचा. त्यांच्या तोंडून ते वाक्य सरळ निघालेलं मी एकदाही ऐकलं नाही. पण त्या रोज म्हणायच्या.

परी बरी झाली. वाळून काटकी झाली होती, पण घरी आली. रंजनाशी मात्र मजल्यावर कुणी बोलेना. भांडण नाही, शिवीगाळ नाही, फक्त तिला कुणी काही विचारायचं बंद झालं. तिने हळदीकुंकवाला बोलावलं तर कुणी गेलं नाही. शीतल तर जिन्यात समोर आली की परीला कडेवर उचलून घ्यायची. हे सगळं वर्गातल्या बायका सांगायच्या आणि बाई ऐकून घ्यायच्या. 'त्यांच्या घरचं पाणी कोण नाय पीत आता,' असं एकजण बोलून गेली तेव्हा बाईंनी हातातली चित्रपट्टी खाली ठेवली आणि त्या दिवशीचा वर्ग तिथेच संपवला.

त्यानंतर दर गुरुवारी वर्ग सुटला की बाई रंजनाकडे जायच्या. ती दार उघडायची, बसायला चटई टाकायची आणि समोर गप्प बसायची. बाईंनी दिलेला चष्मा टीव्हीशेजारी त्याच्या डबीतच पडलेला. "मला नका शिकवू आता, बाई," एवढंच म्हणायची. बाई म्हणायच्या, "शिकवायला नाही आले. बसायला आले." आणि खरंच नुसत्या बसून यायच्या. हे किती महिने चाललं असेल, आठवत नाही. मधे बाईंची तब्येत उतरली, जिना चढताना धाप लागायची. मुलाने पुण्याला न्यायचं ठरवलं. पुढे तिथेच त्या वारल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघण्याच्या आधीच्या गुरुवारी. पिशवी धरायला म्हणून मला बरोबर नेलं होतं.

जिने चढून आम्ही रंजनाच्या दारात पोचलो तेव्हा बाईंना बोलवत नव्हतं. चटईवर बसल्या, भिंतीला टेकल्या. मी पिशवीतून त्यांची बाटली काढायला गेले तर त्यांनी माझा हात दाबला. मग श्वास सावरत म्हणाल्या, "रंजना, पाणी दे गं."

रंजना उभ्याउभ्या थिजली. "आमच्याकडचं, बाई?"

"मग कुणाकडचं? तहान लागलीय." थोडं थांबून बाईंनी विचारलं, "पिण्याचं आहे ना?"

विचारण्यात टोमणा नव्हता, काळजी होती आणि दुसरंही काही होतं. रंजना हंड्याकडे बघत राहिली, मग आमच्याकडे. मला वाटलं, आता ही रडणार किंवा आम्हाला जायला सांगणार. ती टीव्हीपाशी गेली. डबी उघडली, चष्मा काढला, उलटासुलटा करून नाकावर बसवला आणि बाहेर जिन्यात गेली.

दार उघडंच होतं. आम्हाला चटईवरून ती दिसत होती. त्या प्रकारानंतर असा कागद प्रत्येक मजल्यावर लावायला लागले होते, त्याला जवळजवळ नाक लावून ती वाचत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एकदा वाचलं. पुन्हा वरून सुरुवात केली. मग ती वळली आणि शीतलच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. हात वर केला, खाली घेतला. बाई भिंतीपासून पाठ सोडवून पुढे झुकल्या होत्या.

रंजनाने दार वाजवलं.

शीतलने दार उघडलं आणि समोर रंजनाला बघून तशीच उभी राहिली. रंजनाचा आवाज अगदी बारीक होता. "शीतल, मी वाचलंय. पिण्याचं पाणी, आज सकाळी आलंय, असं लिहिलंय. मला वाटतंय तसंच आहे का, जरा बघून सांगतेस का?"

आतून परीचा आवाज येत होता, काहीतरी हवं म्हणून हट्ट चाललेला. शीतल बाहेर आली, रंजनाला वळसा घालून कागदापाशी गेली, वाचला. वेळ लावून वाचला. मग रंजनाकडे न बघता म्हणाली, "हां, बरोबर आहे. पिण्याचंच आहे." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

रंजना परत आली. नाकावर चष्मा तसाच. हंड्यातून ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी बाईंसमोर धरला. मी वाट बघत होते की बाई आता 'शाब्बास' म्हणणार, त्यांचं ते पहिलीच्या वर्गातलं लांबलचक शाब्बास. त्या म्हणाल्या नाहीत. ग्लास घेतला, तोंडाला लावला आणि एका दमात सगळा प्यायल्या. थोडं पाणी इस्त्रीच्या साडीवर सांडलं. पदराने तोंड पुसलं, रंजनाकडे पाहिलं आणि रिकामा ग्लास पुढे करून विचारलं, "अजून थोडं देतेस?"